एक जागा, अनेक उपयोग: वापरणाऱ्यांच्या गरजांनुसार बदलणारी वास्तू कशी आखावी

बहुउपयोगी जागा हवी असे सांगितले की बहुतेक आराखड्यांत एक मोठे, रिकामे दालन काढले जाते आणि त्यावर ‘बहुउद्देशीय सभागृह’ असे लिहून काम संपवले जाते. प्रत्यक्षात अशा दालनात पहिल्या आठवड्यात टेबल-खुर्च्या ज्या रीतीने मांडल्या जातात, त्याच रीतीने त्या पुढची कित्येक वर्षे राहतात. कारण त्या हलवायला माणूस नसतो, ठेवायला जागा नसते आणि दिव्यांची बटणे एकाच मांडणीसाठी लावलेली असतात. पॅरिसमधील पाँपिदू केंद्र हे कला-संस्कृतीचे केंद्र १९७७ मध्ये खुले झाले तेव्हा खांबांविना सलग मजले हे त्याचे मोठे वैशिष्ट्य मानले गेले, कारण सगळे नळ, वाहिन्या आणि जिने रेन्झो पियानो व रिचर्ड रॉजर्स या वास्तुविशारदांनी इमारतीच्या बाहेर काढले होते. तरीही आठ वर्षांनी, १९८५ मध्ये, तेथील आधुनिक कलासंग्रहालयाच्या मजल्यावर वास्तुविशारद गाए आउलेंती यांना नेहमीसारख्या भिंतींची दालने बांधावी लागली. चित्राला भिंत लागते आणि चित्र पाहणाऱ्याला थोडा आडोसा लागतो. नुसत्या मोकळेपणाने या दोन्ही गरजा भागत नाहीत.

म्हणून आराखडा करताना एकच प्रश्न सतत समोर ठेवावा: एका मांडणीतून दुसऱ्या मांडणीत जायला किती वेळ लागेल, किती माणसे लागतील आणि निघालेले सामान कुठे जाईल? या प्रश्नाचे उत्तर मिळाले की कोणत्या गोष्टी स्थिर ठेवायच्या आणि कोणत्या हलत्या, हे बऱ्याच अंशी आपोआप ठरते.

आधी वेळापत्रक, मग आराखडा

वापरणाऱ्यांना ‘तुम्हाला काय हवे?’ असे थेट विचारले तर ते खोल्यांची नावे सांगतात. एक बैठकीची खोली, एक अभ्यासिका, एक कार्यक्रमाचे दालन, अशी ती यादी असते आणि तिचा फारसा उपयोग होत नाही. त्याऐवजी गेल्या आठवड्यात कोण, किती वाजता, कशासाठी आणि किती वेळ त्या जागेत होते हे विचारावे, आणि शक्य असेल तर स्वतः बसून पाहावे. माणसे सांगतात त्यापेक्षा वेगळे वागतात, यात त्यांचा काही दोष नाही. सवयीने केलेल्या गोष्टी लक्षात राहत नाहीत इतकेच.

या निरीक्षणांतून एक साधा तक्ता तयार करावा. आडव्या ओळीत दिवसाचे तास आणि उभ्या ओळीत कामे लिहावीत. प्रत्येक कामासमोर माणसांची संख्या, ते काम किती आवाज करते आणि किती आवाज सहन करते, त्याला उजेड कसा लागतो, पाणी लागते का, सामान कोणते लागते आणि मांडामांड कोण करणार, हे नोंदवावे. शेवटचा रकाना बहुतेक जण विसरतात, पण माझ्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. मांडणी बदलणारी व्यक्ती जर एकटी ग्रंथपाल असेल, किंवा घरातील आजी असेल, तर दोघांनी उचलायचे टेबल त्या आराखड्यात येताच कामा नये.

तक्ता भरला की कामांचे आपसांतील नाते तीन प्रकारचे असल्याचे दिसते. काही कामे एकाच वेळी शेजारी-शेजारी चालतात, काही एकाच दिवशी एकामागून एक होतात, आणि काही गरजा अनेक वर्षांनी उद्भवतात. मूल मोठे होते, कार्यालय वाढते, कोणी आजारी पडते. पहिल्यासाठी विभाजन लागते, दुसऱ्यासाठी झटपट होणारा बदल लागतो आणि तिसऱ्यासाठी सांगाड्यात राखून ठेवलेली सोय लागते. हे तिन्ही उपाय वेगळे आहेत. सरकत्या भिंतीने तिसरा प्रश्न सोडवू पाहणे, किंवा पहिला प्रश्न केवळ चाके लावलेल्या फर्निचरवर सोपवणे, यांतून पैसा खर्च होतो आणि सोय होत नाही.

न बदलणाऱ्या गोष्टी प्रथम ठरवा

ब्रिटिश वास्तुविशारद फ्रँक डफी यांनी कार्यालयांच्या इमारतींची विभागणी आयुर्मानानुसार केली होती: सांगाडा सुमारे ५० वर्षे टिकतो, वीज-पाणी-वातानुकूलनाच्या सेवा सुमारे १५ वर्षे, अंतर्गत विभाजन पाच ते सात वर्षे, आणि फर्निचर तर रोज हलते. त्याआधी, १९६१ मध्ये, नेदरलँड्सचे वास्तुविशारद जॉन हाब्राकेन यांनी घरबांधणीसाठी असाच विचार मांडला होता की, सर्वांचा सामायिक आधार वेगळा असावा आणि रहिवाशाने ठरवायचा अंतर्भाग वेगळा असावा. ओसाका येथे १९९३ मध्ये पूर्ण झालेल्या ‘नेक्स्ट २१’ या १८ घरांच्या प्रायोगिक इमारतीत हे तत्त्व काटेकोरपणे वापरले आहे. तेथे पुढील काळात काही घरांची आतली रचना बदलून पाहण्यात आली आणि सांगाडा तसाच राहिला.

व्यवहारात याचा अर्थ असा की, कमी आयुष्याची वस्तू जास्त आयुष्याच्या वस्तूत पुरू नये. पाण्याचे नळ आणि विजेच्या नळ्या स्लॅबमध्ये किंवा भारवाही भिंतीत गाडल्या की १५ वर्षांनी त्या काढण्यासाठी सांगाड्यालाच हात घालावा लागतो. उभ्या वाहिन्यांसाठी स्वतंत्र शाफ्ट, म्हणजे सगळ्या मजल्यांतून जाणारी उभी पोकळी, ठेवावा आणि त्याचे दार शक्यतो सामायिक मार्गिकेत उघडावे, म्हणजे दुरुस्तीसाठी कोणाच्या खोलीत शिरावे लागणार नाही. न्हाणीघर, स्वयंपाकघर, धुण्याची जागा अशा ओल्या जागा एकमेकांना लागून ठेवाव्यात. मग उरलेला मजला मोकळा राहतो आणि त्याची विभागणी कधीही बदलता येते. आतल्या भिंती भारवाही असू नयेत, भार कॉलम आणि बीमवर जावा.

दोन गोष्टी नंतर जवळजवळ बदलता येत नाहीत, त्यामुळे त्यांच्या बाबतीत हात आखडता घेऊ नये. पहिली म्हणजे मजल्याची उंची. राहण्याच्या खोलीला चालणारी उंची सभेच्या दालनाला अपुरी पडते, कारण तेथे हवेच्या वाहिन्या, दिवे आणि आवाज शोषणारे छत यांसाठी वर आणखी जागा लागते. दुसरी म्हणजे स्लॅबची भारक्षमता. घराच्या खोलीसाठी साधारणपणे दर चौरस मीटरला २ किलोन्यूटन (सुमारे २०० किलो वजनाइतका) चल भार, म्हणजे माणसे आणि सामान यांचा भार, धरतात, तर हलत्या खुर्च्यांच्या सभागृहासाठी सुमारे ५, आणि पुस्तकांच्या दाट रॅकसाठी त्याहूनही अधिक धरावा लागतो. आज अभ्यासिका असलेल्या खोलीत उद्या पुस्तकांचे भांडार येण्याची थोडीशीही शक्यता असेल, तर ते संरचना अभियंत्याला पहिल्याच बैठकीत सांगितले पाहिजे.

खोली खिडकीपासून किती आतवर न्यायची हेही येथेच ठरते. खिडकीच्या वरच्या कडेची जमिनीपासूनची उंची जितकी, तिच्या साधारण दोन ते अडीच पट अंतरापर्यंत दिवसाचा उपयुक्त उजेड आत पोचतो. त्यापलीकडचा भाग सामान, जिना किंवा थोड्या वेळाच्या वापरासाठी ठेवावा. तेथे कोणी दिवसभर बसेल असे धरून चालू नये.

प्रत्येक तुकडा स्वतःपुरता पूर्ण हवा

सरकत्या भिंतींचे उदाहरण म्हणून नेदरलँड्समधील उत्रेख्त येथील रीतफेल्ट-श्रोडर घराचे नाव नेहमी घेतले जाते, पण त्याचा खरा धडा क्वचितच सांगितला जातो. त्रूस श्रोडर या तीन मुलांच्या आईसाठी वास्तुविशारद खेरिट रीतफेल्ट यांनी हे घर १९२४ मध्ये उभारले. वरच्या मजल्यावर जिना मध्यभागी स्थिर आहे आणि त्याच्या भोवती सरकत्या पडद्या आहेत. त्या उघडल्या की सगळा मजला एक होतो, लावल्या की झोपायच्या आणि बसायच्या खोल्या वेगळ्या होतात. (नियमांत बसावे म्हणून कागदोपत्री हा मजला पोटमाळा म्हणून दाखवला होता, हेही जाता जाता नोंदवायला हरकत नाही.) सगळे पाहणारे पडद्यांकडे पाहतात. मला मात्र लक्षणीय वाटते ते असे की, पडद्या लावल्यावर पडणारा प्रत्येक भाग स्वतःची खिडकी, स्वतःचा उजेड, बिछान्याची जागा आणि जिन्याकडे जाणारी वाट घेऊन उभा राहतो. पडदी सरकवणे सोपे आहे. ती सरकवल्यावर उरणाऱ्या तुकड्याला खोलीपण देणे हे आराखड्याचे काम आहे.

म्हणून प्रत्येक मांडणीचे स्वतंत्र रेखाचित्र काढावे. सगळ्या मांडण्या एकाच चित्रात तुटक रेषांनी दाखवल्या की चुका लपतात. प्रत्येक चित्रात प्रत्येक तुकड्याची स्वतंत्र तपासणी करावी: याला खिडकी आहे का, हवा येते-जाते का, दिव्याचे बटण याच बाजूला आहे का, सॉकेट किती आहेत, धूरसूचक आहे का, आणि दुसऱ्या तुकड्यातून न जाता बाहेर पडता येते का. यांपैकी एकाचे उत्तर जरी नाही असे आले, तरी ती पडदी कागदावरच राहील.

बाहेर पडण्याच्या वाटांचा हिशोब नेहमी सर्वांत गर्दीच्या मांडणीवर करावा. समजा दालन १० मीटर लांब आणि ६ मीटर रुंद, म्हणजे ६० चौरस मीटरचे आहे. अमेरिकेत प्रचलित असलेल्या आंतरराष्ट्रीय बांधकाम संहितेनुसार नुसत्या हलत्या खुर्च्या मांडल्यास माणशी सुमारे ०.६५ चौरस मीटर धरतात आणि टेबल-खुर्च्या मांडल्यास सुमारे १.४ चौरस मीटर. म्हणजे तेच दालन टेबल-खुर्च्यांच्या मांडणीत ४२ माणसांचे असते आणि व्याख्यानाच्या मांडणीत ९२ माणसांचे होते. त्या संहितेत अशा सभेच्या जागेत ४९ पेक्षा जास्त माणसे असतील तर बाहेर पडायला दोन मार्ग लागतात. वाचनालय म्हणून एका दाराने भागणारी खोली संध्याकाळच्या कार्यक्रमाला नियमबाह्य ठरते ती अशी. आपल्याकडे लागू असलेल्या नियमांतील आकडे वेगळे असतील, पण हिशोबाची रीत तीच राहते.

चाकाच्या खुर्चीला वळायला १,५०० मिलिमीटर व्यासाची मोकळी जागा लागते आणि दाराची निव्वळ रुंदी ९०० मिलिमीटर असलेली बरी. ही मापे रिकाम्या दालनात सहज सापडतात. ती खुर्च्या मांडल्यानंतरही सापडली पाहिजेत, आणि चाकाच्या खुर्चीवरील व्यक्तीची जागा प्रत्येक मांडणीत इतरांच्या बरोबरीने असावी, मागच्या दाराशी ढकललेली नसावी.

आवाज: येथे बहुतेक आराखडे फसतात

फोल्डिंग पार्टिशनच्या माहितीपत्रकात दिलेला ध्वनिरोधाचा आकडा प्रयोगशाळेतील असतो. प्रत्यक्ष जागेवर आवाज पार्टिशनमधून जात नाही, तो पार्टिशनच्या कडेने जातो. वर उल्लेख केलेल्याच दालनात ६ मीटर रुंद आणि ३ मीटर उंच पार्टिशन बसवले आणि खाली जमिनीलगत केवळ १ सेंटिमीटरची फट राहिली असे धरू. १८ चौरस मीटरच्या पार्टिशनमध्ये ही फट ०.०६ चौरस मीटर, म्हणजे तीनशेवा भाग भरते. पण त्या तीनशेव्या भागातून आवाज अडथळ्याविना जातो, आणि त्यामुळे उरलेले पार्टिशन कितीही जड आणि महाग असले तरी एकूण ध्वनिरोध सुमारे २५ डेसिबलच्या वर जाऊ शकत नाही. एवढ्या ध्वनिरोधात पलीकडचे साधे बोलणे शब्दन्शब्द कळते.

म्हणून खरेदीच्या वेळी पार्टिशनच्या जाडीपेक्षा खाली उतरून जमिनीला टेकणारी रबरी पट्टी आहे का, दोन पल्ल्यांच्या जोडावर दाबून बसणारी पट्टी आहे का आणि भिंतीशी मिळणारी कड कशी बंद होते, हे पाहावे. फॉल्स सीलिंगच्या वर स्लॅबपर्यंत अडथळा चालू ठेवावा, नाहीतर आवाज छतावरून उडी मारून पलीकडे उतरतो. दोन्ही बाजूंना जोडणारी एकच हवेची वाहिनी असेल तर तीही आवाज वाहून नेते. दोन्ही तुकड्यांची दारे मार्गिकेत शेजारी-शेजारी उघडत असतील तर ती एकमेकांपासून दूर न्यावीत. जमीन समपातळीत नसेल तर पट्टी एका टोकाला टेकते आणि दुसऱ्या टोकाला अधांतरी राहते, त्यामुळे जमिनीची पातळी ट्रॅक (पार्टिशन ज्यावर टांगून सरकते ती वरची पट्टी) बसवण्यापूर्वी तपासावी. आणि ट्रॅकचा भार वरच्या बीमवर येत असल्याने बीम वाकला तर पल्ले घासू लागतात, हेही अभियंत्याला आधीच सांगितलेले बरे.

माझे स्पष्ट मत असे आहे की, तक्त्यात शांतता लागणारे काम आणि मोठ्या आवाजाचे काम एकाच वेळी येत असेल, तर तेथे पक्की भिंतच बांधावी. सरकते पार्टिशन वेगवेगळ्या वेळच्या किंवा सारख्याच आवाजाच्या कामांसाठी ठेवावे. वेळापत्रकात व्याख्यान एक तास पुढे ढकलून जो प्रश्न सुटतो, त्यासाठी महागडे ध्वनिरोधक पल्ले घेण्याचे कारण नाही.

निघालेले सामान कुठे जाणार

हा प्रश्न नकाशावर दिसत नाही, म्हणून तो सुटतही नाही. ६० खुर्च्या दहा-दहाच्या थप्पीने सहा ट्रॉल्यांवर ठेवल्या तर नुसत्या ट्रॉल्यांनाच सुमारे ३ चौरस मीटर लागतात, आणि त्या बाहेर काढायला जागा धरली की हा आकडा दुपटीवर जातो. त्यात टेबले, पडदा, व्यायामाच्या सतरंज्या आणि मुलांचे साहित्य मिळवले की ६० चौरस मीटरच्या दालनाला ६ ते ९ चौरस मीटरचे कोठार लागते. मी साधारणपणे दालनाच्या दहाव्या भागापेक्षा कमी कोठार मान्य करत नाही.

कोठार उथळ आणि लांब असावे. अरुंद आणि खोल कोठारात हवी असलेली वस्तू नेहमी सर्वांत मागे असते, आणि दोनदा सगळे बाहेर काढावे लागले की तिसऱ्यांदा कोणी त्या वाटेला जात नाही. कोठार दालनाच्याच लांब भिंतीत असावे, दार दुपाखी आणि निदान १,२०० मिलिमीटर रुंद असावे, आणि त्याला उंबरठा नसावा. पंधरा मिलिमीटरच्या पट्टीवरसुद्धा भरलेली ट्रॉली अडते. टेबलांचा पृष्ठभाग उभा करून ती एकमेकांत सरकवता येतील अशी घ्यावीत, आणि चाकांना ब्रेक असावा. भिंतीच्या खालच्या भागाला लाकडी किंवा रबरी पट्टा लावावा, कारण चाके लावलेली प्रत्येक वस्तू कधी ना कधी भिंतीवर आदळते.

बदलाला लागणाऱ्या वेळाची एक मर्यादा ठरवून घ्यावी. एक किंवा दोन माणसांना पंधरा मिनिटांत जमत नसेल, तर ती मांडणी रोजची नाही, सणासुदीची आहे असे समजावे आणि तिच्यासाठी रोजच्या सोयीचा बळी देऊ नये. हे तपासण्यासाठी काम सुरू होण्यापूर्वी जमिनीवर चिकटपट्टीने खऱ्या मापाचा आराखडा आखावा, जुनी टेबले आणावीत, आणि जे लोक पुढे हे काम करणार आहेत त्यांनाच ती हलवायला सांगावे.

उजेड, वीज आणि हवा

दिव्यांच्या ओळी खिडकीला समांतर ठेवून प्रत्येक ओळीला वेगळे बटण द्यावे, म्हणजे दिवसा फक्त आतली ओळ लावता येते. पार्टिशन जेथे येणार तेथे ओळी तुटल्या पाहिजेत. वाचन-लेखनासाठी टेबलावर ५०० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) आसपास उजेड लागतो, मार्गिकेला १०० पुरतो. मधल्या मांडण्यांसाठी उजेड कमी-जास्त करता येण्याची सोय असावी, पण भिंतीवर चौदा बटणांची पाटी नको. दोन-तीन नावे लिहिलेली बटणे पुरेशी असतात. सॉकेट चारही भिंतींवर आणि मोठ्या दालनात जमिनीतही असावेत, नाहीतर वायरी चालण्याच्या वाटेवर येतात. पंखे आणि वातानुकूलन यांचे नियंत्रण प्रत्येक तुकड्यात स्वतंत्र हवे.

अनेक वर्षांनी येणारा बदल

चिलीमधील इकिके शहरात वास्तुविशारद आलेहांद्रो आरावेना यांच्या ‘एलेमेंताल’ या गटाने २००४ मध्ये किंता मोनरॉय ही वसाहत पूर्ण केली. उपलब्ध पैशांत पूर्ण घर होत नव्हते, म्हणून त्यांनी अर्धे घर बांधले. पण ते अर्धे असे निवडले की कुटुंबाला स्वतःच्या बळावर बांधायला अवघड जाईल तो भाग, म्हणजे सांगाडा, जिना, स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि शेजाऱ्याबरोबरची भिंत, आधी तयार झाला. उरलेली पोकळी रहिवाशांनी आपापल्या सवडीने भरली. कोणत्याही वास्तूत हाच निकष लावता येतो.

उद्या फोडावी लागेल अशा भिंतीत आजच लिंटेल, म्हणजे दारावरचा भार पेलणारा आडवा बीम, टाकून ठेवावा आणि तो नकाशावर नोंदवावा. पुढे न्हाणीघर होऊ शकेल अशा खोलीजवळून सांडपाण्याची नळी नेऊन तिचे तोंड बंद करून ठेवावे. दोन खोल्यांना दोन स्वतंत्र दारे मार्गिकेत दिली, तर त्यांतील एक पुढे कार्यालय, भाड्याची खोली किंवा आजारी माणसाची खोली होऊ शकते. किंबहुना घरांच्या बाबतीत, साधारण सारख्या आकाराच्या, चांगल्या उजेडाच्या आणि मधल्या मोकळ्या जागेत उघडणाऱ्या खोल्या बहुतेक सरकत्या भिंतींपेक्षा अधिक उपयोगी पडतात. एक खोली २० चौरस मीटरची आणि दुसरी ७ चौरस मीटरची असेल, तर प्रत्येकीचे काम बांधतानाच ठरून जाते. दोन्ही १३-१४ चौरस मीटरच्या असतील तर त्यांची अदलाबदल करता येते, आणि त्यासाठी एकही रोलर लागत नाही.

ताबा देताना

प्रत्येक मांडणीचे छोटे चित्र कोठाराच्या दाराच्या आतल्या बाजूला लावावे; त्यावर खुर्च्यांची संख्या, आधी कोणती ट्रॉली बाहेर काढायची, पार्टिशनचा कोणता पल्ला शेवटी लावायचा आणि किती माणसांची परवानगी आहे हे लिहावे. पार्टिशन लावण्याची चावी किंवा हँडल तेथेच टांगावे. अंदाजपत्रकातील थोडी रक्कम पहिल्या वर्षानंतरच्या फेरबदलासाठी बाजूला ठेवण्याची गोष्ट मालकाशी आधीच बोलून घ्यावी. वर्षभराने जागेवर जाऊन ट्रॅक आणि चाके पाहावीत. एखादे पार्टिशन वर्षात एकदाही हलले नसेल तर वापरणाऱ्यांशी बोलून ते काढावे किंवा तेथे कायमची भिंत घालावी, आणि पल्ले गोळा होण्यासाठी राखलेल्या कोपऱ्यात आणखी एक कपाट करून द्यावे.